मागच्या दारावरची ओदेराय

कोलोन या आमच्या बंदराच्या गावात माणूस मोठा झाला की नाही हे वर्तमानपत्र बघून ठरत नाही, बसचं मागचं दार बघून ठरतं. ती दारं मीच रंगवतो म्हणून फुशारकी मारत नाहीये, कोणालाही विचारा. अमेरिकेत शाळेची पोरं वाहून म्हाताऱ्या झालेल्या बसगाड्या आमच्याकडे येतात. त्यांना लाल रंग फासून, धुरांडी लावून आम्ही त्यांना पुन्हा तरणं करतो. बाजूला मालकाच्या मुलाबाळांची नावं, कपाळावर एखादं वचन आणि मागच्या दारावर एक चेहरा. तो चेहरा कोणाचा, यावरून लोकांची डोकी फुटतात. एका मालकानं एका बसवर बायको आणि दुसऱ्या बसवर भलतीच काढून घेतली होती, आणि दोन्ही बसगाड्या एकाच मार्गावर सोडल्या. मी रंगवल्या. सल्ला मागितला असता तर दिला असता.

माझं नाव क्लिफर्ड वेथ. छत्तीस वर्षांत मी मुष्टियोद्धे काढले, गायक काढले, तीन संत काढले. पण आज सांगायचंय ते ओदेराय ग्रॅझेटबद्दल, कारण तिच्या बाबतीत मी एक घोडचूक केली, आणि तिची किंमत मी सोडून दुसऱ्याच दोघींनी मोजली.

ओदेराय माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली. बाप बंदरावर क्रेन चालवायचा. ती चार वर्षांची असताना तो तापानं गेला. आई रुग्णांची सेवा करायला ब्रुकलिनला गेली आणि तिथलीच झाली. वर्षातून दोनदा कपड्यांनी भरलेलं पिंप यायचं, दर रविवारी फोन यायचा. पोरगी वाढली ती आत्याकडे, मिस इसिल्डा ग्रॅझेटकडे, आठव्या गल्लीत, माझ्या अंगणाच्या बरोबर वरच्या मजल्यावर.

मिस इसिल्डांना ‘मिस’ न म्हणणारा माणूस कोलोनमध्ये नाही. गच्चीवर बाकं टाकून त्या इंग्रजी शिकवायच्या. आमचे आजे-पणजे दोन समुद्र जोडणारा कालवा खणायला बार्बाडोससारख्या बेटांवरून आले, तेव्हापासून आमच्यात ही गच्चीवरची शाळा चालत आलीय. मी त्यांच्या पहिल्या तुकडीतला. माझे केस पांढरे झालेत, पण मिस दिसल्या की अजूनही मी सिगारेट मागे लपवतो.

त्यांच्या घरात तीन भाषा होत्या आणि तिघींची जागा ठरलेली होती. रस्त्यावर स्पॅनिश. गच्चीवर इस्त्री केलेली इंग्रजी. आणि तिसरी म्हणजे आमची बोली, बेटांवरून आलेली, वाटेत स्पॅनिश खात खात लठ्ठ झालेली. ती बोलायला घरात सक्त मनाई होती. मिस स्वतः ती फक्त चिडल्यावर बोलायच्या. आता, त्या दिवसातून सहा-सात वेळा चिडायच्या, ही गोष्ट वेगळी.

मी खाली अंगणात रंग कालवत असायचो आणि वरून आवाज यायचा. जिन्यावर घोडा चढतोय का. तंगडं मोडून हातात देईन. जीभ काढून दोरीवर वाळत घालीन. आणि पोरगी शाळेतून रडत आली, कोणी काळी म्हणून चिडवलं, कोणी बिनबापाची म्हणून, की ठरलेलं वाक्य यायचं: “पूस ते नाक. मान वर कर. मी गेले नाही अजून.” एवढं ऐकलं की पोरगी गप्प व्हायची. मग थोड्या वेळानं वरून नारळाच्या दुधातल्या भाताचा वास यायचा, आणि माझ्या वाटणीची ताटली घेऊन ती खाली यायची.

माझ्या पिंपावर बसून ती गायची. बसवाले रंग वाळेपर्यंत गाणी लावून बसत, ती एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर म्हणायची. चर्चमध्ये रविवारी इंग्रजी भजनं, माझ्या अंगणात स्पॅनिश धांगडधिंगा, आणि दोन्हीकडे तोच आवाज, जरा खरखरीत, तळाशी भात किंचित लागलाय असा. बाराव्या वर्षी तिनं मासळीवाल्याची जाहिरात गायली. सोळाव्या वर्षी बंदराजवळच्या बिनजकातीच्या बाजारातल्या अत्तराच्या दुकानात लागली, कारण तिला दोन्ही भाषा फाडफाड यायच्या. पुढे मिसनी खटपट करून तिला राजधानीत नोकरी लावून दिली, टेलिफोनवर परदेशी गिऱ्हाइकांची भांडणं मिटवायची. खुर्ची होती, पंखा होता, पेन्शन होतं. मिस चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटल्या.

विसाव्या वर्षी पोरीनं ती खुर्ची सोडली आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत नाव दिलं.

वरच्या मजल्यावर त्या दिवशी जे झालं ते आठव्या गल्लीनं काम थांबवून ऐकलं. मिस म्हणाल्या, गाणं ही रविवारी करायची गोष्ट आहे. पोरगी म्हणाली, मला सातही दिवस करायचीय. ती बॅग घेऊन उतरली तेव्हा मी तिला विचारलं, पैसे आहेत का. ती म्हणाली, “पैसे आहेत, पेंटरकाका. आत्यानं ‘जा’ म्हणायला हवं होतं, तेवढंच नाहीये.” तेव्हाच मला कळलं की हिला दुनियेच्या टाळ्या नकोत, त्या एका बाईची मान हलायला हवीय.

स्पर्धेत ती एकेक फेरी जिंकत गेली आणि कोलोनला खूळ लागलं. आमच्या गावातून मुष्टियोद्धे निघतात, टीव्हीवर आम्ही एक तर मारामारीत दिसतो नाही तर बातम्यांत. आता आमची पोरगी झगमगीत कपड्यांत उभी. टीव्हीवाल्यांनी तिचे केस सरळ केले होते, तोंडावर इतकी पावडर थापली होती की ती दोन छटा उजळली होती.

अंतिम फेरीच्या आधीच्या आठवड्यात एफ्राइन कुबीया बस घेऊन अंगणात आला. हा देशाच्या आतल्या भागातला, चित्रे गावचा माणूस, कोलोन ते सबानितास बस चालवतो, बोलतो कमी आणि हॉर्न वाजवतो जास्त. म्हणाला, मागच्या दारावर ओदेराय काढ, जिंकायच्या आधी काढ, म्हणजे आपण पहिले. मी जाहिरातीचं पोस्टर समोर टांगलं आणि दोन दिवसांत चेहरा काढला. मागे निळं आकाश, तारे, खाली सोनेरी अक्षरांत नाव. लोक बघायला आले. वा वा झाली. मी खूश.

ती हरली. तिसरी आली. एफ्राइन चार दिवस तोंड लपवून बस चालवत होता. बाकीचे ड्रायव्हर त्याला विचारायचे, अरे, तिसऱ्या नंबरची बस कुठली? पण चित्र काही त्यानं पुसलं नाही. एक तर तो हट्टी, आणि पुसायचे पैसे मी वेगळे घेतो.

आणि मग तो गुरुवार. मिस दर गुरुवारी चर्चच्या बायकांच्या सभेला सबानितासला जातात, छत्री, टोपी, पांढरे हातमोजे. त्या थांब्यावर उभ्या होत्या. एफ्राइनची बस आली, जरा पुढे जाऊन थांबली, त्यामुळे मागचं दार बरोबर त्यांच्या समोर. मिसनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एफ्राइननं हॉर्न वाजवला, हाका मारल्या. त्या चढल्या नाहीत. पुढच्या बसनं गेल्या. त्यानंतरच्या गुरुवारीही तेच.

कोलोनमध्ये अशी गोष्ट दडत नाही. आठवडाभरात कोणीतरी शहाण्यानं राजधानीत ओदेरायच्या कानावर घातलं: तुझ्या आत्याला तुझी इतकी लाज वाटते की तुझं तोंड असलेल्या बसमध्येसुद्धा बसत नाही. पोरगी स्पर्धा हरल्यावर घरी यायला निघाली होती. ती आली नाही. राजधानीतच रिओ आबाहो वस्तीत एका खोलीत राहिली, लग्नांत गायली, हॉटेलांत गायली, रेस्तराँत लोक चमचे वाजवत जेवत असताना गायली. असं करत दोन वर्षं गेली आणि तिसरं लागलं.

दोघी सारख्याच. नमतं घेईल तर शपथ. ईस्टरला आमच्याकडे मसाल्याचा काळा बन करतात, चीजबरोबर खातात. दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मिस मला वर बोलवायच्या, डबा हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, राजधानीला कोणी जात असेल तर दे. कोणाला ते सांगायच्या नाहीत. ईस्टरनंतर डबा घासून-पुसून परत यायचा, आत आल्याच्या वड्या. चिठ्ठी ना यात, ना त्यात. मी मध्ये हमाल. एकदा मी वैतागून म्हणालो, मिस, फोन नावाची वस्तू निघालीय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पाटी-पेन्सिल आठवली.

मग तिनं ते गाणं केलं.

आमच्याकडे नवीन गाणं आधी रेडिओला देत नाहीत. रेडिओवाले दहा कारणं सांगतात. गाणं बसवाल्याला देतात. दोन तास कोंडलेली माणसं, गाणं वाईट असेल तर बंद कर म्हणून ओरडणार, चांगलं असेल तर उतरताना विचारणार, कोणाचं रे? ओदेराय एका सकाळी सबानितासच्या थांब्यावर एफ्राइनला गाठून गाणं देऊन गेली. एफ्राइननं तिला ओळखलंच नाही. तिचं तोंड दोन वर्षं पाठीवर घेऊन फिरणारा माणूस, त्याला नाव सांगावं लागलं. ती हसली आणि निघून गेली. मला हे त्यानं सांगितलं तेव्हा मीही हसलो. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

गाण्यात एक पोरगी स्पॅनिशमधून रडते. तो सोडून गेला, आता मी जगू कशी, वगैरे वगैरे. आणि दर कडव्यानंतर ढोल थांबतो, आणि एक म्हातारी आमच्या बोलीतून खेकसते: पूस ते नाक, मान वर कर, मी गेले नाही अजून. दोन्ही आवाज तिचेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. मला वाटलं वरच्या मजल्यावरून आवाज आला.

पंधरा दिवसांत कोलोनच्या प्रत्येक बसमध्ये ते वाजायला लागलं. बाजारातल्या बायका, बंदरावरचे हमाल, शाळेतली पोरं, सगळे त्या ओळीला एकदम ओरडायचे. ज्यांना आमची बोली येत नव्हती त्यांनीही ती तेवढ्यापुरती पाठ केली. एफ्राइनसुद्धा म्हणायचा, आणि त्याचे उच्चार ऐकून आम्ही पोट धरायचो. राजधानीनं उचललं, मग बाहेरच्या देशांनी. मोठ्या कंपनीची माणसं आली. त्यांना एक धुतलेली स्पॅनिश आवृत्ती हवी होती आणि एक धुतलेली इंग्रजी. ती म्हणाली, माझ्या घरात भांडण एकाच भाषेत कधी झालं नाही, गाणं कसं होईल? ते दोन महिने रुसले आणि मग मुकाट्यानं सही केली.

तेविसाव्या वर्षी तिला मेक्सिकोचं बोलावणं आलं, वर्षभराचा दौरा. जायच्या चार दिवस आधी ती माझ्या अंगणात उभी राहिली. केस पुन्हा कुरळे, अंगात साधा शर्ट. वरच्या गच्चीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

“पेंटरकाका, ते चित्र पुसा. किती घ्याल ते घ्या.”

मी म्हणालो, आता पुसू? आता तर सगळी दुनिया ओळखते.

“आत्या या वयात छत्री घेऊन दुसऱ्या बसची वाट बघते,” ती म्हणाली. “मी वर्षभर नसणार. तिला निदान बसनं तरी जाऊ दे. एखादा वाघबिघ काढा तिथं.”

आणि ती माझ्या त्याच पिंपावर बसली. दुनियाभर जिचं गाणं वाजतं ती बाई, आणि दिसत होती सात वर्षांची. मला राग आला. तिचा नाही, वरच्या बाईचा. शाळेपासून आजवर मी मिसना उलट उत्तर दिलं नव्हतं, पण हात पुसले आणि जिना चढलो, घोड्यासारखा.

मिस गच्चीवर होत्या, तीन पोरं पाढे घोकत होती. त्यांनी पोरांना घरी पाठवलं आणि मला खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. म्हणालो, पोरगी खाली आलीय, चित्र पुसायला सांगतेय, कारण तुम्हाला तिची लाज वाटते. आणि मिस, मला माफ करा, पण असं करणं बरं नाही.

त्या कठड्याकडून माझ्याकडे वळल्या.

“लाज?” त्या म्हणाल्या. “मला तिची? वेथ, तुझ्या डोक्यात रंग गेलाय का? ते गाणं ऐकलंय मी, बहिरी नाहीये. माझ्या वर्गातली पोरं पाढ्यांच्या चालीवर तेच म्हणतात. माझेच शब्द आहेत ते. मला वाटलं, शब्द बरे घेतले, आणि नाक टाकून दिलं.”

“नाक?” मी विचारलं.

“नाक,” मिस म्हणाल्या, आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. रुंद, पसरट, दोन्ही बाजूंनी भक्कम. “हे माझ्या आजोबांनी बार्बाडोसहून आणलं. बोटीतून उतरले तेव्हा दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे. माझ्या बापाला दिलं, मला दिलं, माझ्या भावाला दिलं. भाऊ गेला तेव्हा मी पोरीच्या तोंडाकडे बघून दिवस काढले, की हे तरी ठेवून गेलास. आणि तिनं तुझ्याकडून ते कापून घेतलं. बसवर नाव ग्रॅझेट, आणि तोंड कुठल्या तरी गोऱ्या मेमचं. मी परक्या बाईच्या बसमध्ये बसायचं?”

मी खुर्ची ओढली. आता बसलो.

कारण तिनं काही कापून घेतलं नव्हतं. तिनं मला काही सांगितलंच नव्हतं. पोस्टरवर पावडरीखाली का होईना, नाक होतं तसंच होतं. ते मी बारीक केलं, कोणी न सांगता, हाताच्या सवयीनं. बाई काढायची की नाक चिमटीत धरायचं, रंग जरा उजळवायचा, हे मला उस्तादानं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं. छत्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. उलट बायका म्हणायच्या, माझंही असंच काढ.

“मिस,” मी म्हणालो, “ते तिनं नाही केलं. मी केलं. मी सगळ्यांचंच तसं काढतो.”

त्यांनी चष्मा काढला.

“सगळ्यांचं?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुझ्या पहिल्या बसवर तू तुझी आई काढली होतीस. तिचंही?”

माझी आई गेल्यावर मी ते चित्र काढलं होतं. ती बस केव्हाच भंगारात गेली. मी मनातल्या मनात ते चित्र डोळ्यांसमोर आणलं, आणि हो, तिचंही. माझ्या आईचं नाक माझ्यासारखंच होतं, गालांपर्यंत पसरलेलं, आणि मी तिला दुसऱ्याच कोणा बाईचं नाक देऊन गावभर फिरवलं होतं. मिसनी उठून आल्याचं सरबत आणून दिलं. मी शाळेत पडलो की द्यायच्या तसं.

मग त्यांनी टोपी घातली. हातमोजेसुद्धा. आणि जिना उतरायला लागल्या.

अंगणात पोरगी उभी राहिली. दोघींमध्ये माझे रंगाचे डबे. मिस तिच्यापुढे गेल्या, हातमोजा काढला आणि तिच्या नाकावरून अंगठा फिरवला, कपाळापासून खालपर्यंत, धूळ पुसावी तसा. म्हणाल्या, “आहे की जागेवर.” मग माझ्याकडे वळून, “एफ्राइनला बोलाव. आणि तू, पोस्टर नाही, पोरगी समोर बसवून काढायचं.”

मी जन्मात कधी जिवंत माणूस समोर बसवून काढला नव्हता. फोटो हलत नाही. ओदेराय पिंपावर बसली, मिस माझ्या खांद्यामागे खुर्ची टाकून बसल्या, आणि सुरू झालं. रुंद. आणखी रुंद. घाबरतोस काय, नाक आहे, चोरी नाही. डाव्या बाजूला जरा जास्त, भावाचं तसंच होतं. रंग आणखी गडद, तिला आजारी पाडतोस का. एफ्राइन बसच्या पायरीवर बसून हसत होता. मिसनी त्याच्याकडे एक नजर टाकली, तो हॉर्न तपासायला आत गेला.

दुपार टळली तसं पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, नुसतं पाणी. तिनं मान खाली घातली आणि मी ब्रश धरून तसाच उभा.

मिस खुर्चीतून उठल्या नाहीत. पण चिडल्या. म्हणजे आमच्या बोलीत बोलल्या.

“पूस ते नाक,” त्या म्हणाल्या. “मान वर कर. मी गेले नाही अजून.”

पोरगी रडता रडता हसायला लागली, आणि मी दोघींवर ओरडलो, की असं हललं तर मला काम करता येणार नाही. मलाही काही स्पष्ट दिसत नव्हतं, पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

ती मेक्सिकोला गेली. जाताना मिस जिन्यावर उभ्या होत्या आणि म्हणाल्या, जा. एवढंच. पोरीनं मागे वळून मला अंगठा दाखवला.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम थांब्यापर्यंत गेलो. मिस पाव तास आधीच आल्या होत्या. बस आली, एफ्राइननं शहाण्यासारखी जरा पुढे नेऊन थांबवली, आणि घाईघाईनं गाणं बंद करायला गेला. मिस म्हणाल्या, राहू दे. पुढच्या बाकावरच्या माणसानं उठून त्यांना जागा दिली. त्या त्याला थँक्यू म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. सगळी रांग ओलांडून, छत्री टेकत टेकत, अगदी शेवटच्या बाकापर्यंत गेल्या, जिथे खड्डा लागला की माणूस छताला लागतो आणि आमची टारगट पोरं तेवढी बसतात. पोरं सरकली. मिस बसल्या, मागच्या दाराला पाठ टेकून.